पाहा-कार्डांचा प्रकल्प: कामाच्या नोंदी

२२ नोव्हेंबर २०२५, शनिवार

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी वाचनालयात आज ग्रंथपाल काकांसमोर दोन तास बसले. दाराशी एक जुना मॉनिटर धूळ खात पडलाय. त्यावर रोज ‘आजचे लेखक’ दिसावेत असं ठरलं: आजच्या तारखेला कोण जन्मलं, कोण गेलं आणि त्यांचं काय काय आपल्या कपाटात आहे. पूर्वी काका हे फळ्यावर खडूने लिहायचे. आता हात खांद्याच्या वर जात नाही.

पुस्तकांची यादी तयार आहे. गेल्या उन्हाळ्यात कॉलेजच्या दोन मुलींनी कार्डांचे खण उपसून सगळं एक्सेलमध्ये घातलं. तीन हजारांवर पुस्तकं, नऊशेच्या आसपास लेखक. पण कार्डावर लेखकाची तारीख नसते, फार तर साल असतं. तारखा विकिडेटावरून, म्हणजे विकिपीडियाच्या भावंडासारख्या मुक्त माहितीसाठ्यावरून, आणायच्या.

काकांना म्हटलं, “हे हाताने करायचं नाहीये. त्यासाठी एक चांगली लायब्ररी आहे.”

“आहे ना, मांडवीला. पण सेंट्रल लायब्ररीवाले तुला तारखा काढून कशाला देतील?”

तर यापुढे या नोंदींत वाचनालय म्हणजे वाचनालय आणि लायब्ररी म्हणजे कोडची, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला आयता कोड.

२३ नोव्हेंबर, रविवार

साधन निवडण्यात सकाळ गेली. पुढे कोणी हे काम हातात घेतलं तर कळावं म्हणून थोडं सविस्तर लिहून ठेवते.

विकिडेटा ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालं. त्यात प्रत्येक माणसाला, गावाला, पुस्तकाला एक क्यू-क्रमांक असतो आणि प्रत्येक गुणाला पी-क्रमांक. जन्मतारीख पी५६९, मृत्यूची तारीख पी५७०. माहिती तीन तुकड्यांत लिहिलेली असते, तिला ट्रिपल म्हणतात: ज्ञानकोशकार केतकर, जन्मस्थान, रायपूर. गंमत तिसऱ्या तुकड्यात आहे. ‘रायपूर’ हा तिथे नुसता शब्द नसतो, वेबवरचा एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर गेलं की रायपूरचे स्वतःचे ट्रिपल मिळतात, त्यातून छत्तीसगड, तिथून पुढे आणखी काही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ साली लिंक्ड डेटाची जी चार सूत्रं लिहिली त्यांचा गाभा एवढाच: वस्तूंना वेबवरचे पत्ते द्या, पत्त्यावर कोणी आलं तर उपयोगाचं काही द्या आणि तिथून दुसऱ्यांचे पत्ते सांगा. या जाळ्याला प्रश्न विचारायची भाषा स्पार्कल. तिला २००८ मध्ये वेबच्या मानकाचा दर्जा मिळाला, आपण वापरतो ती १.१ आवृत्ती २०१३ ची.

स्पार्कलची क्वेरी, म्हणजे त्या भाषेतला प्रश्न, विकिडेटाच्या सर्व्हरला सरळही पाठवता येते, दहा ओळींचं काम आहे. पायथन या कोडच्या भाषेत त्यासाठी स्पार्कलरॅपर आहे, ऑफिसात मी तेच वापरते. इथे मात्र कॉम्युनिका घ्यायचं ठरवलं. ही गेंट विद्यापीठातल्या मंडळींनी केलेली जावास्क्रिप्टची मुक्त लायब्ररी. तिला एका क्वेरीसाठी एकाहून जास्त स्रोत देता येतात: एक विकिडेटाचा सर्व्हर आणि एक आपल्या कार्डांची फाइल. दोन्हीकडून ओळी आणून सांधायचं काम तिचं. मला हवंय ते नेमकं हेच, कारण विकिडेटाला आपलं कपाट माहीत नाही आणि कपाटाला तारखा माहीत नाहीत.

२९ नोव्हेंबर, शनिवार

एक्सेल फाइलचं टर्टलमध्ये रूपांतर केलं. टर्टल म्हणजे ट्रिपल लिहायची साधी पद्धत, माणसालाही वाचता येते. दाखल नोंदवहीतला क्रमांक हाच पुस्तकाचा पत्ता धरला, कारण वाचनालयात दुसरं काहीही बदललं तरी दाखल क्रमांक बदलत नाही. वर्गीकरण दोनदा बदललंय, कपाटं तीनदा.

कॉम्युनिका बसवली, इंजिन चालू केलं, पहिली क्वेरी. उत्तरं एकदम येत नाहीत, सापडेल तशी एकेक ओळ हातात पडते. शेंगा सोलत बसल्यासारखं. ओळीतून ‘नाव’ मागितलं तर सरळ अक्षरं मिळत नाहीत, एक डबा मिळतो. त्यात मूल्य वेगळं, भाषा वेगळी, प्रकार वेगळा. पहिल्या अर्ध्या तासात मी डबेच छापत होते. नंतर जिथे मृत्यूची तारीख नाही तिथे डबाही नव्हता, त्या नसलेल्या डब्यातून मूल्य काढायला गेले आणि सगळंच कोसळलं. हयात लेखकांच्या जिवावर प्रोग्राम चालेना असं आजचं चित्र.

संध्याकाळी दुसरी अडचण. विकिडेटाच्या पानावर नमुन्याच्या क्वेऱ्या असतात. त्यांतल्या बहुतेकांत नावं मिळवण्यासाठी ‘सर्व्हिस’ने सुरू होणारी एक ओळ असते. तिथून उचलून मी इथे चिकटवली. स्पार्कलच्या मानकात ‘सर्व्हिस’चा अर्थ ‘या दुसऱ्या सर्व्हरवर जाऊन विचारून ये’. विकिडेटावर ती त्यांच्या सर्व्हरची घरगुती सोय आहे, त्या पत्त्यावर कोणीच बसलेलं नसतं. कॉम्युनिकाला घरगुती सोयी माहीत नाहीत, ती इमानदारीत त्या पत्त्यावर गेली आणि हात हलवत परत आली. चूक तिची नाही. पण हे कळेपर्यंत रात्रीचे अकरा.

३० नोव्हेंबर, रविवार

ती ओळ काढून टाकली. त्याऐवजी तीन ऐच्छिक तुकडे: मराठी नाव असेल तर आण, नसेल तर हिंदी, तेही नसेल तर इंग्रजी. मग तिघांतलं जे पहिलं भरलेलं असेल ते घे. क्वेरी लांबली, पण आता ती कुठल्याही सर्व्हरवर चालेल.

एकाच वस्तूला अनेक भाषांतली नावं जोडायची कल्पना बडोद्यात नवी नाही म्हणा. १९३१ साली इथल्या सरकारने राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश छापला, एकेका संज्ञेपुढे आठ भाषांतले प्रतिशब्द. आठही स्तंभ भरायला पंडित बसवले होते. विकिडेटावर मराठीचा स्तंभ कोणी भरायचा? सापडलेल्या लेखकांपैकी बऱ्याच जणांचं मराठी नाव रिकामं आहे, ज्यांनी जन्मभर मराठीतच लिहिलं त्यांचंसुद्धा. आज अकरा जणांची भरली. हा प्रकल्पाचा भाग नाही, पण राहवलं नाही.

६ डिसेंबर, शनिवार

नावं जुळवणं. आजचा अख्खा दिवस यात गेला, आणि मला वाटतं उरलेल्या कामापेक्षा हेच जास्त सांगण्यासारखं आहे.

पहिल्या फेरीत जुळलेले लेखक: शून्य. कारण विकिडेटावरच्या नावाला भाषेची शेपटी असते. ‘गोविंद सखाराम सरदेसाई’ आणि मराठीची शेपटी लावलेलं ‘गोविंद सखाराम सरदेसाई’ ही स्पार्कलच्या दृष्टीने दोन वेगळी मूल्यं. शेपटी लावली.

दुसऱ्या फेरीत २१२. कार्डावर आडनाव आधी असतं ते उलटवलं. ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘ॲड.’ छाटले. शिवाय एक ‘कै.’ निघाला. काकांची सवय अशी की लेखक गेल्याची बातमी आली की कार्ड काढून नावाआधी पेन्सिलीने बारीक ‘कै.’ लिहायचं. मुलींनी काही ठिकाणी ते नावाचाच भाग समजून टाइप केलं, काही ठिकाणी वगळलं. छाटण्याऐवजी मी त्याचा वेगळा स्तंभ केला. आमच्याकडे ‘कै.’ आहे आणि विकिडेटावर मृत्यूची तारीख नाही, अशी यादी उद्या उपयोगी पडेल.

तिसऱ्या फेरीत ३४८, आणि तिथेच अडकलं. राजकवी चंद्रशेखर इथलेच, बडोद्याचे. चंद्रशेखर शिवराम गोऱ्हे. त्यांचं नाव मी स्वतः विकिडेटावर शोधून, कॉपी करून आमच्या फाइलमधल्या नावाशेजारी ठेवलं. डोळ्यांना दोन्ही तंतोतंत सारखी, आणि मशीन म्हणतंय वेगळी. अक्षरांचे कोड छापले तेव्हा उलगडलं. ‘ऱ्हे’ दोन तऱ्हांनी टाइप होतं. एका तऱ्हेत बुडाशी टिंब असलेला ‘ऱ’, मग हलंत, मग ‘ह’. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, हलंत, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग ‘ह’. टाइप करणाऱ्या दोन मुलींपैकी एक इनस्क्रिप्ट कळफलकवाली, दुसरी फोनेटिकवाली. म्हणजे आमच्याच फाइलमध्ये गोऱ्हे दोन जातींचे होते आणि त्यातली एक जात विकिडेटाशी जुळत नव्हती. युनिकोड म्हणजे अक्षरांच्या कोडचं मानक; त्याचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे रूपं एकसारखी करायची रीत, लावून हे मिटत नाही, दोन्ही रूपं त्याच्या लेखी वेगळी राहतात. हाताने नियम लिहावा लागला. ‘ॲ’चं तसंच: एक अखंड अक्षर, दुसरं ‘अ’वर चंद्र.

कऱ्हाडे, तऱ्हा, वऱ्हाड, दऱ्या, सुऱ्या. मराठीत याशिवाय पान हलत नाही, आणि मी पाहिलेल्या कुठल्याही लायब्ररीच्या दस्तऐवजात याबद्दल अक्षर नाही. कॉम्युनिकाला दोष देत नाही. जोडाक्षरं तिने का सांभाळावीत? मूल्य जसं आलं तसं पुढे देणं हे तिचं काम. पण हा दिवस कोणाचा तरी वाचावा म्हणून इतकं लिहिलं.

काकांना फोनवर सांगितलं, “लायब्ररीत नाही, आपल्याच यादीत बग होता.”

“कसर? कुठल्या कपाटात?”

७ डिसेंबर, रविवार

दोन स्रोतांची सांधलेली क्वेरी पूर्ण यादीवर चालवली. सर्व्हरने थोड्याच वेळात ४२९ दाखवला, म्हणजे ‘फार विनंत्या झाल्या, थांबा’. आमच्या फाइलमधल्या ओळी घेऊन कॉम्युनिका तिकडे पुन्हा पुन्हा दार ठोठावत होती. चौघांत चालतं ते चारशेंत चालत नाही. शिवाय विनंतीसोबत आपली ओळख आणि संपर्क द्यावा असा त्यांचा नियम आहे, तो मी पाळला नव्हता. फुकटचं घ्यायचं तर निदान नाव सांगून घ्यावं.

आता असं केलंय: जुळलेल्या लेखकांचे क्यू-क्रमांक पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यात क्वेरीतच यादी म्हणून द्यायचे, दोन गठ्ठ्यांमध्ये थांबायचं, आलेलं सगळं टर्टल फाइलमध्ये साठवायचं. हे आठवड्यातून एकदा. बाकीचे सगळे प्रश्न त्या साठवलेल्या फाइलला आणि कार्डांच्या फाइलला. दोन्ही घरच्याच, त्यामुळे कॉम्युनिका मिनिटात उरकते.

गठ्ठ्याच्या फंक्शनला नाव दिलं ‘पेटी’. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना आणून संस्थानातल्या वाचनालयांची घडी बसवली, तेव्हा खेड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरायच्या. एक पेटी वाचून झाली की ती पुढच्या गावी, मग दुसरी यायची. काका हे सांगताना अजून ‘आपले महाराज’ म्हणतात.

१३ डिसेंबर, शनिवार

काकांची फर्माईश: “जन्म आपल्या संस्थानातला असेल तर तसं लिहून यायला हवं.”

सोपं वाटलं. जन्मस्थान पी१९, त्यावरून ‘कुठल्या प्रशासकीय भागात’ या पी१३१ च्या पायऱ्या चढत वर जायचं. स्पार्कलमध्ये एक तारांकन लावलं की हव्या तितक्या पायऱ्या चढता येतात. पहिल्यांदा ते उलट्या बाजूने लिहिलं, म्हणजे वरून खाली उतरत प्रत्येक गाव शोध असं. साठ सेकंद झाले की विकिडेटाचा सर्व्हर क्वेरी तोडतो, त्याने तोडली. माणसाकडून वर चढवल्यावर लगेच उत्तर.

पण उत्तर चुकीचं. राम गणेश गडकरी नवसारीचे, जन्म २६ मे १८८५. नवसारीहून वर चढलं की नवसारी जिल्हा, गुजरात, भारत. बडोदा संस्थान वाटेत लागतच नाही. कसं लागेल? संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात गेलं, गुजरात १९६० चा, नवसारी जिल्हा तर १९९७ चा. पायऱ्या आजच्या आहेत आणि माणूस १८८५ सालचा.

मग तिसरी फाइल केली, हाताने. संस्थानचे प्रांत बडोदा, कडी, नवसारी, अमरेली, शिवाय ओखामंडळ, आणि त्यांतली गावं. जन्मस्थान या फाइलमध्ये असेल आणि जन्म १९४९ च्या आधीचा असेल तर ‘तेव्हाचं बडोदा संस्थान’. कॉम्युनिकाला स्रोतांच्या यादीत एक ओळ वाढवून दिली, क्वेरीत दोन. यासाठीच ती घेतली होती, आणि आज पहिल्यांदा वाटलं की बरं झालं घेतली. गावांची यादी काकांनी तोंडपाठ सांगितली, मी नकाशावर ताडून घेतली. दोन ठिकाणी त्यांचं चुकलं. ते त्यांना अजून पटलेलं नाही.

२० डिसेंबर, शनिवार

बोर्ड लागला. वाचनालयातल्या संगणकावर विंडोज ७ आहे, आपला कोड ज्या प्रोग्रामवर चालतो त्या नोडच्या नव्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत. म्हणून सगळं घरी तयार करायचं, वर्षाच्या ३६६ दिवसांची पानं पेनड्राइव्हवर न्यायची, तिथल्या ब्राउझरने तारीख पाहून पान उघडायचं.

उद्घाटनालाच एका लेखकाच्या मृत्यूच्या तारखेच्या जागी लांबलचक इंग्रजी पत्ता. काका चष्मा सावरून म्हणाले, “हे गेलेत का जिवंत आहेत, ते तरी नीट सांग.” विकिडेटावर ‘मृत्यू झालाय पण तारीख माहीत नाही’ असंही नोंदवता येतं, तेव्हा तारखेच्या जागी असा एक निनावी पत्ता येतो. डब्याचा प्रकार न तपासता मूल्य छापलं, हा माझा आळस. दुरुस्त केलं. मूल्य असेल तर तारीख, पत्ता असेल तर ‘तारीख अज्ञात’.

समोरच्या टपरीवर दोन अडधी, म्हणजे अर्धा-अर्धा कप चहा. काकांनी पैसे देऊ दिले नाहीत.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

सकाळी नऊला काकांचा फोन. “अगं, आज ६३ जणांचा वाढदिवस आहे. पान सरकतंय सरकतंय, संपतच नाही.”

३ जानेवारी, शनिवार

परवा फोन ठेवल्या ठेवल्या कळलं होतं, तरी नीट पाहिलं.

विकिडेटावर ज्यांचं फक्त जन्मसाल माहीत आहे त्यांची तारीख थेट वाटेने मागितली की त्या सालची १ जानेवारी मिळते. तारखेच्या साच्यात महिना आणि दिवस रिकामे ठेवता येत नाहीत म्हणून. खरी गोष्ट शेजारच्या एका आकड्यात असते: ११ म्हणजे दिवसापर्यंत नक्की, १० म्हणजे महिन्यापर्यंत, ९ म्हणजे फक्त साल, ८ म्हणजे दशक, ७ म्हणजे शतक. तो आकडा हवा तर थेट वाट सोडून आडवळणाने जावं लागतं: माणसाकडून विधानाकडे, विधानाकडून पूर्ण मूल्याकडे, तिथे वेळ आणि अचूकता अशा दोन नोंदी. मी थेट वाटेने गेले होते, कारण नमुन्याच्या क्वेऱ्यांत तीच असते.

६३ पैकी ४१ तिकडून आलेले. उरलेले बावीस? ते आमच्याच एक्सेलमधले. ज्यांच्यासाठी विकिडेटावर काही नव्हतं त्यांना कार्डावरचं साल दिलं होतं, आणि जावास्क्रिप्टला नुसतं साल दिलं की तीही १ जानेवारीच धरते.

खण उघडून ती बावीस कार्डं काढली. त्यातल्या चौदांवर काकांच्या आधीच्या ग्रंथपालांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय: ‘सु. १८५०’, ‘सु. १८६८’. सु. म्हणजे सुमारे. एक्सेलच्या त्या स्तंभात फक्त आकडा घालायचा असं मीच बजावलं होतं. मुलींनी विचारलंही होतं म्हणे, “ताई, या ‘सु.’चं काय करायचं?” मी म्हटलं होतं सोडून द्या.

काकांना अचूकतेचा आकडा समजावून सांगितला. ते हसले. “कागदावर माझा जन्म पण १ जूनचा आहे, पोरी. शाळेत घालताना मास्तरांनी लावला. आई सांगायची, आषाढ होता आणि धो धो पाऊस.”

दुरुस्ती: अचूकता ११ असेल तरच बोर्डावर. आमच्या टर्टलमध्येही आता साल वेगळं, ‘सुमारे’ वेगळं. आडवळणाने गेल्यावर आणखी एक खड्डा लागला. थेट वाट आपोआप वरच्या दर्जाची विधानंच देते, आडवाट सगळी देते, चुकीची म्हणून बाजूला ठेवलेलीसुद्धा. ‘फक्त सर्वोत्तम दर्जाची’ अशी अट वेगळी घालावी लागते.

तरीही एकाच माणसाच्या दोन तारखा निघू शकतात, आणि दोन्हींना वाली असतो. केशवसुतांचा जन्म १५ मार्च १८६६ की ७ ऑक्टोबर १८६६, यावर जाणकारांत एकमत नाही. अशा वेळी काय करायचं, काकांना विचारलं. “दोन्ही दिवशी काढू पुस्तकं बाहेर. तेवढीच दोनदा वाचली जातील.” क्वेरीत बदल नाही. दोन ओळी आल्या तर येऊ देते.

१० जानेवारी, शनिवार

‘सु.’ने झोप उडवली म्हणून आज सगळे खण स्वतः पाहायचे ठरवले. एक्सेलकडे न बघता, कार्ड अन् कार्ड.

पहिला तास शके. जुन्या पुस्तकांवर प्रकाशनाचं साल शकात असतं, मुलींनी सरसकट ७८ मिळवून टाकलेत. शके १८१२ म्हणजे १८९० खरं, पण पुस्तक माघात निघालं असेल तर १८९१. शकाचं वर्ष चैत्रात उलटतं, इंग्रजी जानेवारीत. पुस्तकावर महिना नसेल तर ‘१८९०-९१’ एवढंच प्रामाणिक. शके वर्ष मूळ म्हणून ठेवलं, इंग्रजी वर्ष त्यावरून काढलेलं.

दुसऱ्या तासाला ‘ग’चा खण. त्यात एक कार्ड, कडा तपकिरी झालेल्या, मधोमध एवढंच:

गोविंदाग्रज
पाहा: गडकरी, राम गणेश

खाली दाखल क्रमांक नाही, पुस्तकाचं नाव नाही, काही नाही. ‘ब’च्या खणात तसंच, ‘बाळकराम’. पुन्हा ‘पाहा: गडकरी’. ‘क’मध्ये कुसुमाग्रज, ‘पाहा: शिरवाडकर, विष्णु वामन’. ‘र’मध्ये रियासतकार, ‘पाहा: सरदेसाई’. आणि ‘गडकरी’ची कार्डं पाहिली तर तिथे उलट दिशेनेही, पेन्सिलीने: ‘कवितांसाठी गोविंदाग्रज हेही पाहा’.

मोजली. १३७ पाहा-कार्डं. एक्सेलमध्ये यातलं एकही नाही. का, ते लगेच लक्षात आलं: दाखल क्रमांक नसलेली कार्डं वगळा, तीही सूचना माझीच. माझ्या लेखी ती भाकड कार्डं होती.

जमिनीवर बसून राहिले जरा वेळ. दीड महिना मी काकांना सांगतेय, लिंक्ड डेटा म्हणजे अशी माहिती जी स्वतःहून दुसऱ्या पत्त्याकडे बोट दाखवते. आणि ते हो हो म्हणत ऐकतायत.

“काका, हे आधी का नाही सांगितलंत?”

“तू विचारलं कुठे? तू तारखा विचारल्यास.”

१४ जानेवारी, बुधवार

उत्तरायण, म्हणजे इथली संक्रांत. गच्ची, उंधियू, आईच्या गुळपोळ्या. बोट कापलं. काम नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

वासी उत्तरायण. कालच्यासारखंच. शिवाय समोरच्या गच्चीवरच्यांनी पतंग सोडवताना आमच्या इंटरनेटची केबल ओढली.

१७ जानेवारी, शनिवार

केबल काल जोडून मिळाली. १३७ पाहा-कार्डं टर्टलमध्ये उतरवली, प्रत्येकाची एक ओळ: हे नाव, त्या व्यक्तीचं पर्यायी नाव. विकिडेटावरही मुख्य नावाखेरीज पर्यायी नावांची जागा असते. नावं जुळवताना मी तिथे पाहिलंच नव्हतं, फक्त मुख्य नाव पाहत होते. आता दोन्हीकडची मुख्य आणि पर्यायी अशी चारही जोडपी तपासते. जुळलेले लेखक ३४८ वरून ५६१.

सगळंच भाबडेपणाने घेऊन चालत नाही. एका पाहा-कार्डावर ‘माधव’, आणि विकिडेटावर ते पर्यायी नाव लावणारे चिक्कार. नुसत्या टोपणनावावर जुळलेले सगळे वेगळे काढून काकांच्या समोर ठेवले. ते बोट फिरवत ‘हा, हा नाही, हा’ करत गेले. पाऊण तासात यादी साफ. ज्यांच्यावर अडले त्यांना आज सोडलं.

जाता जाता मला लागलेली एक सवय नोंदवते. आता कुठल्याही क्वेरीचं उत्तर आलं की पहिल्यांदा किती ओळी आल्या ते पाहत नाही, कोणत्या ओळी यायला हव्या होत्या आणि आल्या नाहीत ते पाहते. गडकरी, गोऱ्हे, सरदेसाई, केशवसुत. चौघं आले की पुढे.

२३ जानेवारी, शुक्रवार

ऑफिसला जाताना वाट वाकडी करून वाचनालयात गेले. गडकरींचा स्मृतिदिन, २३ जानेवारी १९१९. बोर्डावर एकच नाव, खाली दोन टोपणनावं, ‘जन्म: नवसारी, तेव्हाचं बडोदा संस्थान’ आणि तीन वेगवेगळ्या कपाटांचे क्रमांक. नाटकं एका कपाटात, कविता दुसऱ्या, विनोद तिसऱ्या. काकांनी सगळी आणून टेबलावर मांडली होती. पेपर वाचायला येणाऱ्या एका आजोबांनी बोर्ड वाचून विचारलं, “नवसारी म्हणजे आपलं नवसारी?” काका म्हणाले, “आपलंच.”

मग मला थांबवून त्यांनी खणातून गडकरींचं कार्ड काढलं, पेन्सिलीला टोक केलं. “तो तुझा क्यू नंबर सांग.” मी फोनवर पाहून सांगितला. त्यांनी कोपऱ्यात लिहिलं, ‘पाहा: विकिडेटा’, पुढे क्रमांक, आणि दोनदा ताडून घेतला.

“बाकीच्या ५६० जणांचे छापून आण. मोठ्या अक्षरात.”

उद्या आणते. ‘ॲड.’वाले काही जण अजून जुळायचे आहेत.